सोनखांबच्या पुलाचा दीड फूट

“पंचेचाळीस,” वझलवार मॅडम म्हणाल्या.

“मिलिमीटर ना?” आमच्या लांडे साहेबांनी मोठ्या आशेनं विचारलं.

“सेंटिमीटर, सर.”

टेपचं एक टोक माझ्या हातात होतं, दुसरं त्यांच्या. त्या वर, रेल्वेच्या स्लॅबवर उकिडव्या बसलेल्या, अन् मी खाली माझ्या रस्त्यावर उभा. माझा रस्ता सोनखांब गावातून पाऊण किलोमीटर चढत आला होता आणि ऐन पुलाशी येऊन गुडघाभर भिंतीला धडकला होता. दीड फूट! उद्घाटनाची तारीख ठरवायला म्हणून दोन्ही खात्यांचे साहेब संयुक्त पाहणीला आलेले, अन् पूल असा. पलीकडच्या अंगाला जाऊन मोजलं, तर तिकडंही तेवढंच.

शेषराव गेटमन ड्यूटी संपवून तमाशा बघायला वर आला होता. झेंड्या काखेत धरून म्हणाला, “एक पायरी बांधून टाका ना साहेब. लोक चढतीन. सायकल खांद्यावर घेतीन.”

“तू चूप बस,” लांडे साहेब खेकसले.

मी तेव्हा बांधकाम खात्यात शाखा अभियंता होतो. वय एकतीस, लग्न व्हायचं होतं. आपल्याकडं रूळ केंद्राचे आणि रस्ता राज्याचा. दोन्ही जिथं एकमेकांना आडवे जातात तिथं दोन सरकारं समोरासमोर उभी राहतात, आणि मधात पब्लिक फाटकाशी ताटकळतं. सोनखांबचं फाटक दिवसातून चाळीसदा बंद व्हायचं. म्हणून पूल मंजूर झाला. रुळांवरचा तुकडा रेल्वे बांधणार, दोन्ही बाजूंचे पोचरस्ते आम्ही. मधे हद्दीचे दगड. त्या दगडाच्या आत मी घमेलंभर मुरूम टाकला तर केंद्राच्या जमिनीवर अतिक्रमण, अन् बाहेर त्यांनी एक वीट ठेवली तर राज्याच्या.

रेल्वेच्या तुकड्याचं काम कुंदा वझलवार नावाच्या ज्युनियर इंजिनियरकडं होतं. त्या काळी रेल्वेत बाई इंजिनियर म्हणजे लोक कामावर बघायला यायचे. त्यांना त्याचं काही नव्हतं. बिलासपूरच्या मराठी घरातल्या, वडील रेल्वेतच होते, त्यामुळं मराठी बोलायच्या ती हिंदीच्या चालीवर. मला ‘भारसाकळेजी’ म्हणायच्या. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणाला ‘जी’ लागला नसेल.

आता चौसष्ट उलटली, लपवून काय करू? मला त्या आवडत होत्या. आणि मी त्यांना.

दुपारचा डबा आम्ही हद्दीच्या दगडावर खायचो. त्या आतल्या बाजूला बसायच्या, मी बाहेरच्या, डबे दगडावर. एकदा मी विषय काढला, कसाबसा. त्या चटणी बोटानं चाटत शांतपणे म्हणाल्या, “लग्न तर करू, भारसाकळेजी. पण तुमची बदली मुंबई करणार अन् माझी दिल्ली. दोघं एका गावात राहतील, हे कोण बघणार? तुमचं सरकार माझ्या सरकारला सांगू शकत नाही, माझं तुमच्याला नाही.”

“मीच येतो तुमच्याकडं. डेप्युटेशनवर. रेल्वेला पुलाची माणसं लागतात, जाहिरात आली आहे.”

“राज्य सोडेल?”

“ना-हरकत मागतो खात्याकडं.”

त्या एवढ्या हसल्या की ठसका लागला. “लोक मुलीच्या घरी मागणी घालायला जातात. तुम्ही खात्याकडं निघालात!”

अर्ज मी त्याच आठवड्यात केला. पूल झाला की त्यांची बदली पक्की होती, म्हणून मला घाई. ना-हरकत पुलाच्या आधी यायला पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात चालायचं. देवाला नमस्कार करतानाही तेच.

आता पत्रांचं सांगतो. त्यांनी मला कामाचं एक पत्र लिहिलं, तर ते आधी त्यांच्या डिव्हिजनला जायचं, तिथून मुंबईला, मुंबईत केंद्राच्या इमारतीतून राज्याच्या इमारतीत, तिथून आमच्या मंडळात, विभागात, उपविभागात, आणि मग माझ्या टेबलावर. तीन महिने लागायचे. त्यांच्या खोलीपासून माझ्या टेबलापर्यंत अंतर होतं दोनशे पावलं. म्हणून त्या प्रत्येक पत्राची एक आगाऊ प्रत शेषरावच्या हाती थेट माझ्याकडं पाठवायच्या. सगळेच असं करायचे, त्याशिवाय काम झालंच नसतं. खरी प्रत मागाहून येणारच, म्हणून आगाऊ प्रतीची कोणी आवक नोंद करायचं नाही.

त्या आगाऊ प्रतीच्या पाठीवर मॅडम पेन्सिलीनं दोन ओळी लिहायच्या, मराठीत. ‘तुमच्या साइटवरचा मिक्सर कोणत्या वेळी गप्प असतो?’ किंवा, ‘काल शर्टाची दोन बटणं उलटसुलट लावली होती. साहेब आला असता तर?’ बाकी सगळं पत्र टाइप केलेलं, इंग्रजीत, खडी-सिमेंटचं. मी ते पत्र खिशात घालून खोलीवर घेऊन जायचो. तशी पंधरा-वीस पत्रं माझ्या ट्रंकेत झाली होती.

एप्रिलमधल्या एका प्रतीच्या पाठीवर लिहिलं होतं: ‘बदलीचा पर्याय विचारलाय. बिलासपूर मागितलं तर मिळेल, आई एकटी आहे. की पूल होईपर्यंत इथंच राहू द्या म्हणून लिहू? तुम्ही म्हणाल तसं. शनिवारच्या आत.’

मी वाचलं आणि उठून चालू लागलो. डोक्यावर ऊन मी म्हणतंय, पायात स्लीपर. फाटक बंद होतं, तर वाकून खालून गेलो. त्या त्यांच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. मी म्हणालो, “राहा.” एवढंच. त्या म्हणाल्या, “बरं.” त्यांनी बिलासपूरचा पर्याय सोडला, आईला काय कळवलं कोण जाणे.

पाहणीच्या त्या डिसेंबरच्या सकाळी स्लॅबवरून “सेंटिमीटर, सर” म्हणताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं, तेव्हा मला ते एप्रिलचं पत्र आठवलं. त्या पत्राच्या समोरच्या बाजूला काय होतं, ते मला आठवेना. आठवेल कसं? मी ते वाचलंच नव्हतं. मी पाठ वाचली आणि पळालो.

“एप्रिल में लेटर भेजा है,” रेल्वेचे नायडू साहेब फाइल चाळत म्हणाले. “पटरी के ऊपर बिजली के तार आने वाले हैं, इसलिए स्लॅब पैंतालीस सेंटिमीटर उठाया. आप भी रास्ता उतना उठाइए, साफ लिखा है.”

“आमच्या आवकला असं पत्र नाही,” लांडे साहेब म्हणाले. ते खरंच होतं. खरी प्रत मुंबईपर्यंत गेली, तिथून आमच्या मंडळात आली, आणि त्याच वेळी आमचा विभाग फोडून दोन विभाग केले होते, त्या गोंधळात ती कुठं गडप झाली ते आजतागायत कळलेलं नाही.

“आगाऊ प्रत पण दी है, गेटमन के हाथ.”

लांडे साहेब माझ्याकडं वळले. “भारसाकळे, मिळाली होती का?”

“बघावं लागेल, साहेब,” मी म्हणालो.

मॅडमनी टेप गुंडाळायला घेतला. त्यांना बिचारीला तोवर काय वाटत आलं होतं, ते मला नंतर कळलं. पुलाच्या टोकाशी सेंटरिंगच्या लाकडांचा पसारा होता, माझा शेवटचा भराव तो निघाल्यावर पडला, आणि वरचा दीड फुटाचा थर अजून यायचा आहे, अशीच त्यांची समजूत. मी मात्र जुन्या नकाशावरचा आकडा धरून डांबरसुद्धा मारून मोकळा झालो होतो.

दोन वाजता फाटकाच्या खोलीत कागद घेऊन बसायचं ठरलं.

मी खोलीवर गेलो, ट्रंक उघडली. पत्र लगेच सापडलं, कारण ते सगळ्यांत वर ठेवलेलं असायचं. पहिल्यांदा समोरची बाजू वाचली. दोन परिच्छेद, स्वच्छ इंग्रजी, आकड्याखाली लाल रेघ मारलेली. आंधळ्यालाही दिसली असती, राजा.

मी ठरवलं, दाखवायचं. चूक माझी आहे, सांगून टाकायचं. पण पाठीवरचं? ते चार साहेबांच्या हातांतून फिरणार, हसतील, काय काय बोलतील. बाईमाणसाची अब्रू. मी टेबलावरचं रबर घेतलं आणि खोडलं. त्यांनी दाबून लिहिलेलं होतं, खोडायला वेळ लागला. ‘तुम्ही म्हणाल तसं’ ही ओळ शेवटी राहिली होती. तीही खोडली. फुंकर मारली, घडी घातली, खिशात ठेवलं आणि निघालो.

लांडे साहेब जीपमध्ये बसून संत्रं सोलत होते. मला हाक मारली, अर्धं संत्रं हातात ठेवलं.

“तुझा ना-हरकतीचा अर्ज माझ्या बॅगेत आहे बरं का. आज शिफारस करून पाठवतो.”

“साहेब, ते पत्र—”

“ऐक आधी. हे दीड फुटाचं लचांड कोणाच्या तरी अंगावर जाणार. रस्ता उखडून पुन्हा करायचा, म्हणजे चौकशी आलीच. अन् चौकशी चालू असलेल्या माणसाला राज्य सोडत नाही आणि केंद्र घेत नाही. तेव्हा चूक आपल्या बाजूची निघता कामा नये. समजलं ना?” त्यांनी बी थुंकली. “तू काय म्हणत होतास?”

“काही नाही, साहेब.”

आता तुम्ही म्हणाल, भित्रा. म्हणा. पण मला तेव्हा असं वाटलं की मी तिच्यासाठीच गप्प बसतोय. ना-हरकत मिळाली की आम्ही एका गावात राहणार होतो. एवढ्यासाठीच तर सगळं चाललं होतं ना?

फाटकाच्या खोलीत चार खुर्च्या कशाबशा मावल्या. नायडू साहेब, लांडे साहेब, मॅडम, मी. शेषरावला दारात उभं केलं.

“तुमने लेटर दिया था इनको?” नायडू साहेबांनी माझ्याकडं बोट केलं.

शेषरावनं माझ्याकडं पाहिलं. सोन्यासारखा माणूस. त्याला चांगलं आठवत होतं. त्या दिवशी मी पत्र वाचून त्याच्याच फाटकाखालून वाकून गेलो होतो, आणि तो मागून ओरडला होता, ‘काहून पळता साहेब, गाडी येऊन रायली!’

“म्या तं… देलं असन साहेब,” तो म्हणाला. “म्हणजे… साहेबाईले इचारा.”

“देलं असन क्या होता है? दिया या गुमा दिया?”

“गहाळच केलं असेल यानं,” लांडे साहेब पटकन म्हणाले. त्यांना वाट सापडली. “गेटमन तुमचा. म्हणजे चूक रेल्वेची.”

नायडू साहेबांचा चेहरा लाल झाला. “शेषराव, सस्पेंड हो जाओगे. दो साल बचे हैं तुम्हारे. सच बोलो.”

शेषरावनं झेंड्या एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतल्या. माझा हात खिशात गेला. कागद बोटांना लागला. नायडू साहेबांचं वाक्य संपू दे, मग बोलतो, असं मी स्वतःला सांगितलं. वाक्य संपलं. मी म्हटलं, शेषराव काय म्हणतो ते होऊ दे.

“सर,” मॅडम म्हणाल्या, “शेषराव को मैंने दिया ही नहीं था.”

सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

“आगाऊ प्रत माझ्याकडूनच राहून गेली. टेबलावर होती, पाठवायची विसरले. मेरी भूल है, सर. शेषरावचा काही संबंध नाही.”

हे त्या नायडू साहेबांना सांगत होत्या, पण बघत होत्या माझ्याकडं. रागानं नाही हो. अगदी सरळ, जसं डबा उघडून ‘घ्या ना’ म्हणताना बघायच्या तसं. किती वेळ बघत होत्या? मला तरी फार वेळ वाटला. खोलीतला फोन वाजला, पाळीवरच्या दुसऱ्या गेटमननं आत येऊन उचलला, अकोल्याकडून मालगाडी सुटली, नंबर लिहून घेतला, ठेवला. तेवढ्या वेळात एक माणूस आरामात एक वाक्य बोलू शकतो. मी खिशातला हात बाहेर काढला. रिकामा.

“लिहून घ्या,” लांडे साहेब म्हणाले.

संयुक्त टिपण झालं: सदर पत्र रेल्वेकडून राज्यास प्राप्त झालेले नाही. चार सह्या. तिसरी माझी. माझी सही तेव्हा फार वळणदार यायची.

पाचच्या सुमारास मी हद्दीच्या दगडाशी गेलो. त्या तिथंच होत्या, त्यांच्या बाजूला. मी बाहेर उभा राहिलो, सवयीनं.

“मॅडम, लांडे साहेब आजच शिफारस करतायत,” मी घाईघाईनं सांगितलं. “दोन-तीन महिन्यांत ना-हरकत येईल. मग तुमची बदली कुठंही होवो, मी तिथं मागून घेतो. तुमचं हे प्रकरणही मिटेल, एखादी ताकीद देतील. म्हणून मी… म्हणून बोललो नाही.”

त्यांनी माझ्या खिशाकडं पाहिलं. मग म्हणाल्या, “पत्र खिशात होतं ना?”

“हो.”

“मला दिसलं. हात गेला होता तुमचा.”

“पाठीमागचं खोडून आणलं होतं, दाखवायला. तुमचं नाव यायला नको म्हणून.”

“खोडलंत?” त्यांनी एवढंच विचारलं, आणि मग पहिल्यांदा त्यांचा आवाज हलला. “भारसाकळेजी, मी खोटं का बोलले माहीत आहे तुम्हाला?”

“मला वाचवायला.”

“नाही हो. शेषरावला वाचवायला. अन् तुम्ही मला मधेच थांबवाल म्हणून. मला इतकी खात्री होती! म्हटलं, आता हे उठतील, आता म्हणतील, नाही साहेब, पत्र मला मिळालं. मग दोघांची चौकशी झाली असती, दोघांच्या नोकऱ्यांवर आलं असतं, काहीतरी केलं असतं आपण. मी तर मनात ठरवून टाकलं होतं की नोकरी गेली तर सोनखांबला शिकवण्या घेईन. मी बोलत होते अन् तुमच्याकडं बघत होते. तुम्ही नुसते बसून राहिलात.”

“मॅडम, मी आत्ता जाऊन सांगतो.”

“आता सह्या झाल्या,” त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या खोलीकडं चालू लागल्या. मी दगड ओलांडून मागं गेलो नाही. का नाही गेलो? तिथं कोणतं सरकार मला अडवायला बसलं होतं? पण नाही गेलो, एवढं खरं.

त्यांना चार्जशीट मिळालं, दोन वर्षांची वेतनवाढ थांबली, आणि महिन्याभरात बदली झाली कटिहारला. बिहारच्या पार त्या टोकाला. बिलासपूर मागायचा हक्क त्यांनी माझ्या एका ‘राहा’वर आधीच सोडलेला.

मार्चमध्ये माझी ना-हरकत आली. गोल शिक्का, ‘शासनाची काहीही हरकत नाही’. कचेरीतल्या शिपायानं पेढे मागितले, मी दिले. ना-हरकतीची प्रत मी कटिहारला पाठवली, सोबत सहा पानांचं पत्र, शाईनं लिहिलेलं. उत्तर आलं पोस्टकार्डावर:

‘तुमच्या शासनाची हरकत नाही, वाचून बरं वाटलं. माझी आहे. खरं काय ते आधी त्यांना सांगा, मग मला लिहा. — कुंदा’

मी सांगितलं. खोटं नाही सांगत, खरंच सांगितलं. लेखी कबुली दिली, पत्राची ती आगाऊ प्रत जोडली. पण लांडे साहेबांची तोवर बदली झाली होती, नवा रस्ता उखडून दीड फूट वर घेऊन झाला होता, पूल धडाक्यात चालू झाला होता. आमच्या खात्यानं कळवलं की, प्रकरण मिटलेलं आहे, आणि संबंधित कर्मचारी केंद्र शासनाच्या असल्यामुळे त्यांच्या शिक्षेबाबत या कार्यालयास काही करता येत नाही. मग रेल्वेला लिहिलं. सात महिन्यांनी रेल्वेनं कळवलं की, आपण राज्य शासनाचे कर्मचारी आहात, तरी आपला अर्ज आपल्या खात्यामार्फत सादर करावा. खात्याला दिला. खात्यानं तो मुंबईला पाठवला. पुढं काही कळलं नाही.

ती दोन उत्तरं मी तिला पाठवली नाहीत. काय तोंडानं पाठवणार होतो? तिला जे पाहिजे होतं ते एका वाक्याचं काम होतं, आणि ते त्या खोलीत, ती समोर बसलेली असताना करायचं होतं. डेप्युटेशनला गेलो नाही. तीन वर्षांनी घरच्यांनी ठरवलं तिथं लग्न केलं. बायको चांगली मिळाली, मुलं चांगली निघाली, तक्रार कशाचीच नाही. पण कुंदा मला पाहिजे होती. अजून पाहिजे आहे. आयुष्यात तिला एकदाही नावानं हाक मारली नाही मी.

रिटायर होऊन आता कित्येक वर्षं झाली. सकाळी दाढी करताना मोरीत दार लावून घेतो आणि आरशापुढं उभा राहून मोठ्यानं म्हणतो, “साहेब, पत्र मला मिळालं होतं.” आवाज अगदी खणखणीत येतो. एवढंसं तर वाक्य.

“अहो, कोणाशी बोलता?” बायको स्वयंपाकघरातून विचारते.

मी नळ मोठा सोडतो.